कजोंच्या दगडावरची मोकळी जागा

शार्लटव्हिल, टोबॅगो
४ मार्च १९९२

आदरणीय आम्पोफो मास्तर,

आपण मला ओळखत नाही, आणि मुद्दाम ओळख करून घ्यावी असं माझ्यात काही नाही. मी वेल्मा कजो. तीस वर्षं नर्स होते. आता निवृत्त झाले आणि एकाच पेशंटची सेवा करते, तो म्हणजे माझा बाप. अॅल्रिक कजो, वय अठ्ठ्याऐंशी. धंदा मासेमारी, आणि ती सुटल्यापासून माझं डोकं खाणं.

आमच्या चर्चमधली एक गाणारी बाई घानाला जाऊन आली. येताना तिने तुमची 'आमची नावे व त्यांचे अर्थ' ही पुस्तिका आणली. बाबांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, पण त्यात 'कजो' कुठे सापडलं नाही. शेवटच्या पानावर तुमचा पत्ता आहे आणि 'शंका असल्यास निःसंकोच लिहावे' असं छापलंय. असं छापणाऱ्याला कुणी खरंच लिहील असं वाटत नसतं हे मला कळतं. तरी लिहिते.

बाबांनी गेल्या वर्षी स्वतःच्या थडग्याचा दगड करून घेतला. म्हणाले, "मी मेल्यावर तू स्वस्तातला आणशील." खोटं कशाला बोलू, आणलाच असता. दगडावर कोरलंय : अॅल्रिक कजो. जन्म १९०३. मृत्यू, आणि पुढे मोकळी जागा. त्याखाली 'मूळ लोक', आणि पुढे पुन्हा मोकळी जागा. दगड ओसरीत चार विटांवर आडवा ठेवलाय आणि त्यावर म्हाताऱ्यांचा रोज डॉमिनोचा डाव पडतो. शेजारचे मॅकनाइट आमच्याइतकेच काळे, पण त्यांनी भिंतीवर स्कॉटलंडच्या किल्ल्याचं चित्र लावलंय. डाव जिंकले की त्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारतात, "काय अॅल्रिक, तुम्ही कोण रे?"

पूर्वी बाबा हसायचे. हल्ली त्यांनी डॉमिनो सोडलाय, आणि अर्धं जेवणही. म्हणतात, आपण कुणाचे हे कळल्याशिवाय मी त्या दगडाखाली जाणार नाही. मास्तर, कजो म्हणजे काय, आणि आम्ही कुणाचे?

आपली,
वेल्मा कजो


असुबोनी, माम्पोंगजवळ
११ एप्रिल १९९२

वेल्माबाई,

माझ्या पुस्तिकेबद्दल आजवर आलेलं हे पहिलंच पत्र. पाचशे प्रती छापल्या होत्या. त्यातल्या साडेतीनशे माझ्या पलंगाखाली आहेत, म्हणून पलंग हलत नाही. तुमचं पत्र मी बाजारात, चर्चमध्ये आणि न्हाव्याकडे वाचून दाखवलं. न्हाव्याकडे दोनदा.

कजो म्हणजे आमचा क्वाजो. सोमवारी जन्मलेला मुलगा. आमच्याकडे मूल ज्या वारी येतं, तो वार त्याचं पहिलं नाव होतो. मी गुरुवारचा, म्हणून याव. शुक्रवारचा तो कोफी, बुधवारचा क्वाकू. तुमचे वडील कोणत्या वारचे आहेत ते कळवा.

एवढं सांगून शहाणा माणूस सही करून मोकळा झाला असता. पण पस्तीस वर्षं हेडमास्तर राहिलेल्या माणसाला अर्ध्या उत्तरावर थांबणं जमत नाही. तर ऐका. आमचं कूळ असोना. कुळाचं चिन्ह कावळा, आणि हुशारीही त्याच्यासारखीच. माझ्या पणजीचा भाऊ, नाव क्वाजो, एकशे तीस वर्षांपूर्वी समुद्राकडे मीठ आणायला गेला आणि परत आला नाही. घरात अजून त्याचं नाव काढतात. मी नीट विचार केला. सगळं जुळतं. वडिलांना सांगा, दगडावर 'असुबोनीचे असोना' असं बेलाशक कोरा. आणि त्या मॅकनाइटांना सांगा, किल्ला काय, आमच्याकडे अख्खा कावळा आहे.

तुमचा आप्त (आता म्हणायला हरकत नाही),
याव आम्पोफो


शार्लटव्हिल
२० मे १९९२

प्रिय याव मास्तर,

बाबा गुड फ्रायडेला जन्मले. म्हणजे आडनावाने सोमवार आणि जन्माने शुक्रवार. हे ऐकून ते म्हणाले, "तरीच माझं आयुष्यात कधी काही वेळेवर झालं नाही."

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते खेकड्याचं कालवण आणि उकडगोळे असं दोन माणसांचं जेवण जेवले. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. 'असोना' हा शब्द कोरून झालाय. असुबोनी आणि कावळा बाकी आहे, कारण गवंड्याला कावळा जमत नाही. त्याने काढलेली कोंबडी बाबांनी नाकारली. डॉमिनो पुन्हा सुरू आहे. मॅकनाइट आता आपल्या किल्ल्याबद्दल बोलत नाहीत.

एकच मागणं आहे. तुमच्या कुळाचे जे प्रमुख असतील त्यांच्याकडून दोन ओळी आणा, अंगठा उठवून. बाबांना ते पत्र चौकटीत लावायचंय. आणि मिठाला गेलेल्या क्वाजोच्या आईवडिलांची नावंही लिहा.

तुमची,
वेल्मा


असुबोनी
२ जुलै १९९२

प्रिय वेल्मा,

आमचे कुळप्रमुख बदूमामा यांची तब्येत बरी नाही. शिवाय पाऊस फार आहे. शिवाय अंगठ्याची शाई माम्पोंगहून आणावी लागते. पत्राला थोडा उशीर होईल. कावळ्याची घाई करू नका.

घाईत,
याव


शार्लटव्हिल
१८ ऑगस्ट १९९२

मास्तर,

मी नर्स आहे. डॉक्टर खोटं बोलायला लागले की पावसापाण्याबद्दल बोलतात, हे मी तीस वर्षं पाहिलंय.

मी स्कारबरोला जाऊन जुनी दप्तरं पाहिली. इथल्या गुलामांची नोंद १८१९ सालची आहे. त्यात आमचा पहिला कजो सापडला. वय चाळीस, जन्म आफ्रिका, काम उसाच्या मळ्यात. पुढे काही नाही. म्हणजे तुमचे क्वाजो मिठाला निघाले त्याच्या चाळीस वर्षं आधीच आमचे कजो इथे ऊस तोडत होते. बाबांना वजाबाकी येत नाही, हे तुमचं नशीब.

महिन्यापूर्वी ते पायरीवरून पडले. खुबा मोडला. खाटेवरूनच दगडाकडे बघत असतात आणि प्रमुखांचं पत्र आलं का विचारतात. मला खरं सांगा. याहून वाईट गोष्टी मी लोकांना सांगितल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसूनही राहिले आहे.

वेल्मा


असुबोनी
९ ऑक्टोबर १९९२

वेल्मा,

मी खोटं लिहिलं. म्हणजे माझ्या पणजीचा भाऊ खरोखरच मिठाला गेला आणि परत आला नाही. पण तो दोन गावं पलीकडे एका विधवेकडे राहिला, आणि हे सगळ्या असुबोनीला माहीत आहे. समुद्र त्याने पाहिला असेल की नाही, शंकाच आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मला कुणीतरी काहीतरी विचारतंय याचाच एवढा आनंद झाला की उत्तर माहीत नाही हे लिहायला हात धजेना.

तुझं मे महिन्याचं पत्र आल्यावर मी एक जिनची बाटली घेतली आणि बदूमामांकडे गेलो. रिकाम्या हातांनी अशी गोष्ट विचारत नाहीत. मामा चौऱ्याऐंशीचे आहेत. कुळातली चार वडीलधारी माणसंही बसली होती. मामांनी थोडी जमिनीवर ओतली, पूर्वजांना हाक दिली आणि म्हणाले, "बोल भाच्या."

मी पत्र वाचलं. सगळे हसले. मामांना तर ठसका लागला.

"अरे याव, उन्हात फिरलास काय? बापाच्या नावावरून कूळ कधीपासून कळायला लागलं? कूळ आईचं. नाव बाप देतो, मनात येईल ते देतो, मित्राचं देतो, शेजाऱ्याचं देतो. आणि क्वाजो? गावात दर सातवा पुरुष क्वाजो आहे. त्या सगळ्यांना असोना करतोस काय?"

"पुस्तक लिहिलंय म्हणे नावांवर," कुणीतरी म्हणालं.

हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं, वेल्मा. आणि मी, पुस्तिकेचा लेखक, बापाच्या आडनावावरून तुम्हाला कूळ वाटून बसलो. इथे माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मग आपल्याच घराच्या नोंदी काढा. कोण अस्सल असोना आणि कोण बाजारातून विकत आणलेलं, एकदाचं होऊन जाऊ द्या. म्हणजे त्या क्वाजोचाही पत्ता लागेल."

आमच्याकडे एक जुना कायदा आहे, राजांनी घालून दिलेला. कुणी कुणाचं मूळ सांगू नये. जुन्या काळी घराघरात विकत आणलेली, लढाईत धरलेली माणसं आली, राहिली, लेकरंबाळं झाली, घरची झाली. ती कुठून आली हे जो चारचौघांत बोलेल त्याला एक मेंढी दंड. माझ्या तोंडाकडे कुणी बघेना. मला वाटलं, कायदा मोडला म्हणून रागावलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काठी टेकत माझ्या दारात आले. फुफू खाणार का विचारलं, नको म्हणाले.

"तुझा थोरला मामा गेला तेव्हा कोकोचा मळा कुणाला मिळाला?"

"कुळातल्या आडूला." (आमच्याकडे मामाची जमीन भाच्याला जाते.)

"आडू तुझ्याहून पाच वर्षांनी लहान. का मिळाला त्याला?"

"माझ्या जिभेमुळे. सगळेच म्हणतात, याव फार बोलतो."

"जिभेमुळे जमीन जात असती तर आपल्या कुळात कुणाकडे वावभर राहिली नसती." ते बराच वेळ काठीने अंगणात रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "तुझ्या पुस्तिकेत आपल्या घरातल्या बायकांची यादी आहे. प्रत्येकीपुढे तिच्या आईचं नाव. तुझी पणजी अबेना, तिच्यापुढे काय लिहिलंयस?"

"रेघ मारलीय. जुन्या वहीत तिथे उंदराने खाल्लं होतं."

"उंदराने," मामा म्हणाले. "नेमकं तिथेच. मी काही सांगितलं नाही हं. तू मास्तर आहेस. बेरीज तुझी तू कर."

आणि गेले. वेल्मा, मी पस्तीस वर्षं मुलांना बेरीज शिकवली आणि ही बेरीज करायला मला सहासष्ट वर्षं लागली. अबेनाला आई नाही, कारण तिची आई कुठल्या गावात राहिली हे तिलाच सांगता आलं नसतं. सालागाच्या गुलामांच्या बाजारात तिला कुणीतरी विकलं आणि या घराने तिला घेतलं. मिठाला गेलेला तिचा भाऊ हासुद्धा तिला इथेच मिळालेला भाऊ. मी त्या अबेनाच्या लेकीच्या लेकीचा मुलगा. साऱ्या गावाला माहीत होतं. ज्या न्हाव्यासमोर मी अस्सल असोना म्हणून मिशीला पीळ दिला, त्यालाही माहीत होतं. सहासष्ट वर्षांत कुणी एका शब्दाने बोललं नाही, शाळेत मी ज्यांच्या पोरांना छड्या मारल्या तेही नाहीत. मी आठ दिवस घराबाहेर पडलो नाही. मग रडलो. मग तुझं ऑगस्टचं पत्र आलं आणि आता हे लिहितोय.

कायदा दुसऱ्याचं मूळ सांगण्याला आहे. स्वतःचं सांगायला बंदी नाही, म्हणून तुला सांगितलं. वडिलांना वाचून दाखव किंवा नको दाखवू. त्यांना सांग, मला माफ करा. कजो कोणाचे हे मला माहीत नाही, आणि आम्पोफो कोणाचा हेही आता नीटसं माहीत नाही.

याव


शार्लटव्हिल
१० नोव्हेंबर १९९२

प्रिय याव मास्तर,

वाचून दाखवलं. सगळं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "त्याच्या पणजीला विकलं आणि आपल्या कजोलाही. तिला घर मिळालं, याला ऊस मिळाला. मास्तराला लिही, रडू नको. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान आहे, एवढ्या लवकर रडायचं नसतं."

पण जे आपलं नाही ते दगडावर नको, असंही ते म्हणाले. गवंड्याला नाताळाच्या आधी यायला सांगितलंय, 'असोना' खोडायला. तिथे खड्डा पडेल. बाबा म्हणतात पडू दे, डॉमिनोचे गुण मांडायचा खडू ठेवायला होईल. हे सांगताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून सूपही नको म्हणतात. मी तुम्हाला दोष देत नाही मास्तर, पण मला फार वाईट वाटतंय आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही.

वेल्मा


तार
माम्पोंग, ७ डिसेंबर १९९२
वेल्मा कजो, शार्लटव्हिल, टोबॅगो

खोडू नका.
याव


असुबोनी
१७ डिसेंबर १९९२

प्रिय वेल्मा,

दोन शब्दांत काम भागवण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. तारेच्या खिडकीवरचा कारकून माझा विद्यार्थी निघाला. तो म्हणाला, "एवढंच, सर? बरं आहे ना?"

तुझं पत्र मी बदूमामांपुढे वाचलं. चारचौघांत. अर्ध्यावर मी कागद आडूकडे दिला, उरलेलं त्याने वाचलं. 'जे आपलं नाही ते दगडावर नको' या ओळीवर मामांनी हात वर केला.

"कोण म्हणतो त्यांचं नाही?"

"मामा, तुम्हीच म्हणालात. बापाच्या नावाने कूळ मिळत नाही."

"नाही मिळत. मी नावाचं बोललो. त्या माणसाचं बोललो का? त्याच्या आईची आई कोण, तिची आई कोण, तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तो असोना नाही हे कुठल्या तोंडाने सांगतोस? कुणी कुणाचं मूळ सांगू नये. आहे हे सांगू नये, तसंच नाही हेही सांगू नये. त्याच्या दगडावर असोना लिहिलंय. आता ते खोडायला सांगणारा तू असशील तर तू मेंढी आण, मी असेन तर मी आणतो." मग इतरांकडे वळून म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय?"

कुणी बोललं नाही. माझ्या वेळीही सहासष्ट वर्षं असंच कुणी बोललं नव्हतं. तेव्हा मला कळलं नव्हतं की ही गप्प बसलेली माणसं मला धरून बसली होती. मी तसाच उठलो आणि माम्पोंगची गाडी पकडली.

आता दुसरी बातमी. गेल्या बुधवारी माझ्या मुलाला मुलगा झाला. काल त्याचं नाव ठेवलं. पहाटे घरच्यांसमोर बाळाला मांडीवर घेतात, जिभेवर पाण्याचा थेंब देतात आणि म्हणतात, पाणी म्हणशील तर ते पाणीच असू दे. मग दारूचा थेंब, दारू म्हणशील तर ती दारूच असू दे. म्हणजे पोर खरं बोलणारं व्हावं. हे काम घरातल्या थोरल्याचं. मी म्हणालो, यंदा दुसऱ्या कुणाला द्या, माझ्या हातून पाण्याची दारू झालेली आहे. माझा मुलगा क्वासी म्हणाला, "तुम्हीच द्या बाबा, म्हणजे एक थेंब तुम्हालाही लागेल."

नाव मात्र बापाने द्यायचं. ज्याच्यासारखं मूल व्हावं असं वाटतं, त्याचं देतात. क्वासीने तुझी सगळी पत्रं वाचली आहेत. त्याने बाळाचं नाव क्वाकू कजो ठेवलं. बुधवारचा म्हणून क्वाकू, आणि कजो तुझ्या वडिलांवरून. तुमच्याच तोंडातला कजो, आमचा क्वाजो नव्हे. म्हणजे बाळाचं नाव झालं बुधवार सोमवार. कालपासून बाजारातल्या बायका मला मंगळवार कुठे हरवला विचारतात.

प्रमुखांचं पत्र सोबत आहे. शाई माम्पोंगहूनच आणली.

तुझा याव मामा


(सोबतचा कागद)
अॅल्रिक कजो हे आमचे आहेत की नाहीत, हे विचारणाऱ्याने आधी माझ्याकडे एक मेंढी आणावी.
बदूमामाचा अंगठा


शार्लटव्हिल
१ फेब्रुवारी १९९३

चिरंजीव क्वाकू कजो यास,

हे पत्र मी सांगतोय आणि वेल्मा लिहितेय. ती मधूनमधून नाक पुसते, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

तार आली तेव्हा गवंडी ओसरीत छिन्नी घेऊन बसला होता. एक अक्षर गेलं होतं. ते त्याने पुन्हा कोरलं, जरा वाकडं आलंय. तुझ्या प्रमुखांचा कागद चौकटीत लावला. काल मला खुर्चीत बसवून ओसरीत आणलं. मॅकनाइट डाव जिंकला. सवयीने बोट ठेवून म्हणाला, "काय अॅल्रिक, तुम्ही कोण रे?" मी कागदाकडे बोट केलं आणि म्हणालो, "आधी मेंढी आण." कधी एवढा हसलो होतो ते आठवत नाही. खुबा दुखला.

मला तुझंही नाव दगडावर हवं होतं. पण जागा उरली नव्हती. मृत्यू या शब्दापुढे तेवढी होती, तीही पुरेशी नव्हती. गवंडी म्हणाला तिथेच घालतो, तर वेल्मा त्याच्या अंगावर धावून गेली, बाळाचं नाव मरणापुढे लिहितोस काय! मी म्हणालो, मग तो शब्दच काढ. त्याने काढला आणि त्या जागी तुझं नाव बसवलं. आता दगडावर असं आहे : अॅल्रिक कजो, जन्म १९०३. यांच्या नावाचा क्वाकू कजो, जन्म १९९२. मूळ लोक : असोना.

वेल्मा म्हणते, दोन जन्म आणि मरण एकही नाही, हा काही थडग्याचा दगड राहिला नाही. नाही राहिला तर नाही राहिला. डॉमिनोला चांगला आहे.

तुझा,
अॅल्रिक